चुकलेला बार

डॉक्टरांनी फोरमनना रोज तासभर चालायला सांगितलं, तेव्हा फोरमननी विचारलं, "कुठे जायचं?"

"कुठेच नाही. नुसतं चालायचं."

कुठेच जायचं नसताना चालायचं, ही गोष्ट फोरमनच्या डोक्यात शिरेना. चुनखडीच्या खाणीत एकतीस वर्षं त्यांनी सुरुंग लावले होते. खाण बंद पडली त्याच दिवशी तेही निवृत्त झाले, त्यालाही आता बारा वर्षं होऊन गेली. तरी शेजारी, वाणी, न्हावी, सगळे त्यांना फोरमनच म्हणत. त्यांच्या हिशेबी माणूस दोनच कारणांनी चालतो. एक कामावर जायला, आणि दुसरं वात पेटवल्यावर लांब व्हायला.

शेवटी तोड बायकोनेच काढली. बंद पडलेल्या खाणीत पाणी साचून तळं झालं होतं, तळ्याकाठी झाडं उगवली, झाडांवर पक्षी आले, पक्ष्यांमागून सरकार आलं आणि तारेचं कुंपण घालून त्याचं अभयारण्य झालं. दर रविवारी सकाळी एक गाइड मुलगी वीसेक माणसांना घेऊन डोंगर फिरवून आणायची. बायको दोन वर्षं नेमाने जात होती. गळ्यात दुर्बीण, हातात वही, पायात मुलाचे जुने बूट. एकतीस वर्षं जिने खाणीच्या धुळीपायी दोरीवरचे कपडे दोनदा झटकून घरात घेतले, तिला त्याच डोंगराचा एवढा लळा लागावा याचं फोरमनना नवल वाटे.

"चला हो माझ्याबरोबर," ती म्हणाली. "तुमचीच खाण. परकं नाही वाटायचं."

फोरमन गेले. आणि पहिल्या अर्ध्या तासात त्यांना इतकं परकं वाटलं की काही विचारू नका. जिथे दगड फोडायचं यंत्र होतं तिथे लाकडी बाक. जिथे दारूचं कोठार होतं तिथे फुलपाखरांची माहिती देणारी पाटी. कोठारापासून पन्नास पावलांच्या आत कोणी विडी ओढली तर फोरमन त्याला घरी पाठवत असत. आता तिथे दोन बायका वाकून वाकून एका सुरवंटाचा फोटो काढत होत्या.

गाइड मुलगी हुशार होती. खांद्यावर पिशवी, हातात काठी, आवाज खणखणीत. तळ्याला वळसा घालून तिने सगळ्यांना उभं केलं आणि काठी उजवीकडे रोखली.

"ही भिंत बघा. वरपासून खालपर्यंत एकदम सरळ. ही माणसाने कापलेली. बारा वर्षं झाली, इथे गवताची काडी उगवलेली नाही. पक्ष्याला पाय टेकायला जागा नाही, बीला अडकायला भेग नाही. आम्ही हिला मेलेली भिंत म्हणतो."

ती भिंत म्हणजे फोरमनच्या हातची सगळ्यात देखणी कामगिरी. पाहुणे आले की मॅनेजर त्यांना आधी या भिंतीपाशी आणायचा. "ओळंबा लावून बघा," म्हणायचा. एका पाहुण्याने खरंच लावून बघितला होता. आणि आज वीस माणसं त्या भिंतीकडे बघून चुकचुकत होती, मयताला आल्यासारखी.

"आता डावीकडे, वर," गाइड म्हणाली, आणि तिचा आवाजच बदलला. "ती पुढे आलेली कपार दिसते? तुटकी, वेडीवाकडी? तिथे ससाण्याची जोडी आहे. यंदा तीन पिल्लं. खालच्या भेगेत घुबड. त्याच्या खाली जे हिरवं दिसतंय ते नेचे. अख्ख्या अभयारण्याचा जीव त्या कपारीत आहे. वारा, पाऊस, ऊन. निसर्गाने हजारो वर्षं खपून घडवलेली गोष्ट आहे ही."

"हजारो नाही," फोरमन म्हणाले. "सव्वीस."

सगळ्यांनी मागे वळून पाहिलं. बायकोने दुर्बिणीला डोळे लावले.

"म्हणजे काय, काका?"

"सव्वीस वर्षं झाली त्याला. मंगळवार होता, सकाळी अकराची वेळ. बार चुकला. कडा सरळ खाली बसायचा, तो वरच्या वर फुटला. दगड उडून मॅनेजरच्या नव्याकोऱ्या गाडीवर पडले. तुमचा निसर्ग तेव्हा नव्हता तिथे. मी होतो."

लोक आधी हसले, आणि मग त्यांनी फोरमनना असं घेरलं की ससाणा बिचारा बाजूलाच राहिला. कोणी हात हातात घेतला, कोणी शेजारी उभं राहून फोटो काढला. सुरवंटवाल्या बाईंनी विचारलं, "तुम्हाला कसं हो सुचलं असं करायचं?" गाइडने वही काढून तारीख, वार, वेळ लिहून घेतली. फोरमनची छाती दोन बोटं वर आली. एकतीस वर्षं सरळ कामं केली तेव्हा कोणी फोटो काढला नव्हता.

परतताना फाटकापाशी आल्यावर बायको म्हणाली, "अहो, तो बार तर गिरमिटने बिघडवला होता ना?"

फोरमन बुटाची नाडी बांधायला खाली वाकले. नाडी बांधलेलीच होती.

गिरमिट म्हणजे खाणीतला ड्रिल चालवणारा कारागीर. काटकुळा, चिवट, एकदा मशीनला भिडला की दगडाला भोक पाडल्याशिवाय न हटणारा, म्हणून त्याला हे नाव पडलं होतं. कुठे किती खोल भोक पाडायचं ते फोरमन कागदावर आखून देत, गिरमिट ते पाडे, मग फोरमन त्यात दारू भरून बार उडवत. बारा वर्षं दोघांची जोडी अशी जमली होती की बोलायचीही गरज पडत नसे. त्या मंगळवारी बार चुकला. चौकशी बसली. चूक एकतर आखणीची असणार नाहीतर भोकांची, तिसरं काही असूच शकत नव्हतं. फोरमननी आपला कागद दहादा तपासला, त्यात खोट सापडली नाही. मग त्यांनी लिहून दिलं की भोकं तिरकी पाडली गेली. गिरमिटला मेमो मिळाला, त्याची मशीन काढून घेतली आणि त्याला फाटकावरच्या वजनकाट्यावर बसवलं. खाण बंद होईपर्यंत, पुढची चौदा वर्षं, तो येणाजाणाऱ्या ट्रकांचं वजन लिहीत होता. फोरमन रोज त्याच फाटकातून जात. दोघांत पुन्हा शब्द झाला नाही.

"सव्वीस वर्षं मी हेच ऐकत आले," बायको म्हणाली. "जेवताना, झोपताना, पोरांच्या लग्नात. गिरमिटने घात केला, गिरमिटने घात केला. आणि आज तुमचा झाला होय?"

"लोकांपुढे काय सगळं पुराण सांगत बसायचं?" फोरमन म्हणाले. पण आवाजात जोर नव्हता.

गोष्ट इथेच मिटली असती. पण आठ दिवसांनी अभयारण्याच्या अधिकाऱ्याचा फोन आला. गोड आवाजाचा, घाईतला माणूस. मेलेल्या भिंतीला जिवंत करायची योजना होती. थोडे सुरुंग लावून ती कपारीसारखी तोडायची, म्हणजे तिथेही पक्षी येतील. "तुमच्याच पद्धतीने करायचं म्हणतोय," अधिकारी म्हणाला. "तो बार नेमका कसा लावलात तेवढं आखून द्या. मान्यता मिळाली की काम सुरू. आणि खाली तुमच्या नावाची पाटी."

फोरमननी तीन दिवस जेवणाच्या टेबलावर चौकटीचा कागद पसरला. चष्मा, पट्टी, टोकदार पेन्सिल. पण चुकीचा बार काही आखता येईना. मुद्दाम चुकीच्या जागी भोक दाखवावं, तर हात आपसूक ते पुसून योग्य जागी काढी. चौथ्या दिवशी तयार झाली ती इतकी नेटकी आखणी होती की त्या बाराने आणखी एक मेलेली भिंत तयार झाली असती.

बायको भाजी निवडत बघत होती. "तुम्हाला नाही जमायचं," ती म्हणाली. "ज्याने चूक केली त्याला विचारा."

गिरमिटची बाजारात जिन्याखाली किल्ल्या बनवायची टपरी होती. जेमतेम एक माणूस बसेल एवढी. समोरच्या फळीवर शेदोनशे किल्ल्या लटकलेल्या, आणि मागे तो कानशीने पितळ घासत बसलेला. फोरमन समोर जाऊन उभे राहिले, तरी त्याने मान वर केली नाही.

"कुलूप अडकलंय की किल्ली हरवलीय?"

"मी आहे."

कानस थांबली. गिरमिटने चष्म्यावरून पाहिलं. केस गेले होते, मिशी पिकली होती, पण नजर तीच, दगडाचा अंदाज घेणारी.

"ऐकलं मी," तो म्हणाला. "अभयारण्यात तुमचा सत्कार झाला म्हणे. तुमचा बार."

"सत्कार कसला. लोकांनी आपलं…"

"तो बार माझा आहे, फोरमन."

फोरमन बघतच राहिले. "तुझा कसा? तेव्हा तर तू शपथेवर सांगत होतास की भोकं सरळ होती."

"मी काय सांगत होतो त्याला कोण विचारतंय? तुम्ही काय लिहून दिलंत ते महत्त्वाचं." गिरमिटने फळीखालचा डबा ओढला आणि प्लास्टिकच्या पाकिटातला एक पिवळा पडलेला कागद काढला. "हा मेमो. वाचा. 'सदर कामगाराने निष्काळजीपणे भोकं तिरकी पाडल्यामुळे.' खाली सही कोणाची? तुमची. सदर कामगार कोण? मी. इतकी वर्षं वाटायचं, फाडून चुलीत घालावा. बायको म्हणाली, राहू दे. आता बघा, कामाला आला."

"अरे, पण पाडली होतीस का तिरकी? खरं सांग."

"तुम्ही म्हणालात तिरकी, म्हणजे तिरकी."

दोघं टपरीपाशी अर्धा तास भांडले. सव्वीस वर्षांपूर्वी चौकशीच्या खोलीत भांडले होते तसेच, फक्त उलट्या बाजूंनी. एक म्हणे आखणी माझी चुकली, दुसरा म्हणे भोकं माझी चुकली. किल्ली करून घ्यायला आलेली एक बाई दोघांचं ऐकत उभी राहिली आणि शेवटी म्हणाली, "एवढी चूक कबूल करणारी माणसं मी पहिल्यांदा बघतेय." तेव्हा कुठे दोघं वरमले.

ठरलं ते असं, की वर जाऊन प्रत्यक्ष बघायचं. पिल्लं उडून गेली होती, त्यामुळे गाइडने परवानगी मिळवली. मागच्या अंगाने डोंगरमाथ्यावर जायचं आणि दहा पायऱ्यांच्या लोखंडी शिडीने कपारीत उतरायचं. कमरेला दोर. दोघं म्हातारे एकाच दोराला बांधलेले, पुढे गाइड.

"हळू रे," फोरमन वरून म्हणाले.

"तुम्ही हळू. पडलात तर मलाही घेऊन जाल," खालून गिरमिट म्हणाला. "सवय आहे तुम्हाला."

कपार खालून दिसायची त्यापेक्षा बरीच रुंद निघाली. हाडकं, पिसं, पांढऱ्या विष्ठेचे ओघळ. नेच्यांतून पाणी ठिबकत होतं. भिंतीच्या दगडात एका जुन्या भोकाची अर्धी नळी स्पष्ट दिसत होती. गिरमिटने तिच्यावरून हात फिरवला, जुन्या ओळखीच्या जनावराच्या पाठीवरून फिरवावा तसा. मग खिशातून सुतळी काढली, टोकाला एक किल्ली बांधली आणि नळीच्या तोंडाशी धरून सोडली. किल्ली दोनदा झुलली आणि थांबली. सुतळी आणि नळी, वरपासून खालपर्यंत एका रेषेत. केसाइतकाही फरक नाही.

फोरमननी वाकून पुढच्या भोकाची खूण शोधली आणि वितीने अंतर मोजलं. मग त्याच्या पुढच्याचं. त्यांच्या कागदावर जेवढं होतं तेवढंच. बोटभर इकडे नाही, तिकडे नाही.

"काका, इकडे या," गाइडने हाक मारली. ती नळीच्या मागे, एका फटीतून आत शिरली होती. "कसली सुंदर जागा आहे!"

आत खोलीएवढी पोकळी होती. गाइडने बॅटरी फिरवली. भिंती गुळगुळीत, पाण्याने चाटून चाटून गोल केलेल्या. छतावरून चुन्याचे सुळे लोंबत होते, त्यांच्यामध्ये वटवाघळांचे घोस.

"चुनखडीत असंच होतं," गाइड म्हणाली. "पाणी आतल्या आत दगड विरघळवत जातं. लाखभर वर्षांचं तरी काम असेल हे. बाहेरून पत्ताच लागत नाही."

भोकाची नळी आणि ही पोकळी यांच्यामध्ये दगडाचा पडदा उरला होता तो जेमतेम हाताच्या पंजाएवढा जाड. त्या मंगळवारी दारूचा सगळा जोर त्या फटीपाशी हा पडदा फोडून आत शिरला होता. जिकडे वाट मिळाली तिकडे गेला, आणि कडा खाली बसायच्या ऐवजी वर फुटला. कागद बरोबर होता. भोकं बरोबर होती. डोंगरच आतून पोकळ होता.

फोरमन खाली एका दगडावर बसले. आपण चौकशीच्या खोलीत काय काय बोललो होतो ते त्यांना एकदम शब्दन् शब्द आठवायला लागलं, आणि त्यातलं काहीच आठवावंसं वाटेना.

"ही नळी कसली हो?" गाइडने विचारलं.

"जुनी आहे," गिरमिट म्हणाला, आणि फोरमनच्या कानाशी वाकून पुटपुटला, "खाली गेल्यावर एक अक्षर बोलायचं नाही. पाटी होऊ दे."

फोरमननी मान डोलावली.

पुढच्या सोमवारी अधिकाऱ्याच्या कचेरीत बैठक झाली. लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या, भिंतीवर ससाण्याचा मोठा फोटो. सात-आठ जण होते. गाइड होती. गिरमिट इस्त्रीचा शर्ट घालून आला होता आणि मेमोचं पाकीट त्याने समोर ठेवलं होतं. दोघांचीही नावं पाटीवर घ्यायचं अधिकाऱ्याने आनंदाने कबूल केलं.

"हा कागद म्हणजे ठेवाच आहे," तो म्हणाला आणि सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवू लागला. "'सदर कामगार कामात हयगय करणारा असून, त्याच्या हातून यापुढेही अशी चूक होण्याचा संभव आहे. सबब त्यास जबाबदारीच्या कामावरून दूर करावे.' वा! आणि आज याच हयगयीमुळे आपल्याकडे ससाणे आहेत!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. गिरमिट उठून उभा राहिला आणि नवरदेवासारखा लाजत त्याने हात जोडले.

फोरमननी ते वाक्य आपल्या हाताने लिहिलं होतं. 'यापुढेही' हा शब्द त्यांनी नंतर, खूण करून वर घातला होता, कारण त्यामुळे वाक्याला वजन येत होतं. टाळ्या थांबल्या तेव्हा ते उभे होते.

"हे खोटं आहे," ते म्हणाले.

टेबलाखाली गिरमिटची लाथ त्यांच्या नडगीवर बसली.

"याची भोकं सरळ होती. परवा आम्ही ओळंबा लावून पाहिलंय. माझी आखणीही बरोबर होती. कोणाचंच चुकलं नव्हतं. कड्याच्या आत पोकळी होती, बार तिच्यात फुटला. मी न बघता याच्या नावावर खापर फोडलं. हा खाणीतला सगळ्यात चांगला ड्रिलवाला होता. हयगय मी केली, पण ती या कागदावर."

गाइडचा चेहरा उजळला. "म्हणजे मी म्हणत होते तेच! निसर्गानेच घडवलंय!"

अधिकाऱ्याचा चेहरा मात्र पडला. "म्हणजे हे पुन्हा नाही करता येणार?"

"मेलेल्या भिंतीमागे पोकळी असेल तर येईल," फोरमन म्हणाले. "ते डोंगराला विचारावं लागेल."

डोंगराला विचारायची तरतूद कुठल्या नियमात नव्हती. योजना बासनात गेली. पाटी झाली, पण तिच्यावर पाणी, चुनखडी आणि लाखभर वर्षं एवढंच आलं. मेलेली भिंत आजही तशीच उभी आहे आणि दर रविवारी लोक तिच्यासमोर चुकचुकतात.

बैठक संपल्यावर कचेरीच्या पायऱ्यांवर गिरमिटने फोरमनना गाठलं. रागाने त्याची मिशी थरथरत होती.

"चौदा वर्षं काट्यावर बसलो तेव्हा तुमच्या तोंडाला कुलूप होतं. आजच बरं उघडलंत? तेव्हा माझी चूक नव्हती हे कोणी ऐकून घेतलं नाही. आज चुकीला मान मिळत होता, तर तीही काढून घेतलीत!"

"चुकलं माझं," फोरमन म्हणाले.

"झालं! पुन्हा तुमचंच! चुकायचं तेही तुम्हीच, कबूल करायचं तेही तुम्हीच. दुसऱ्याला काही ठेवाल की नाही?"

एक शिपाई दोघांच्या मधून फायली घेऊन गेला. गिरमिट दोन पायऱ्या उतरला, थांबला, पुन्हा वर आला. पाकिटातून मेमो काढून त्याने तो उलटा केला. मागची बाजू कोरी होती.

"लिहून द्या," तो म्हणाला.

"काय?"

"आत जे बोललात ते. भोकं सरळ होती म्हणून. बोलणं हवेत जातं. लिहिलेलं राहतं, ते मला तुमच्यामुळेच कळलंय."

फोरमन पायरीवर बसले. कागद मांडीवर घेतला, पण मांडीवर अक्षर नीट येईना. तेव्हा गिरमिट खालच्या पायरीवर पाठ करून वाकून बसला आणि फोरमननी कागद त्याच्या पाठीवर ठेवून लिहिलं. चार ओळी. सही, तारीख, आणि हुद्दा लिहायची सवय होती म्हणून हुद्दाही. 'सगळ्यात चांगला' हे शब्द त्यांनी खूण करून नंतर वर घातले.

गिरमिटने कागद दोनदा वाचला. "वजनकाट्यावरचे सगळे गेले," तो म्हणाला. "मॅनेजर गेला. दाखवू कोणाला हे आता?"

फोरमननी पेनाला टोपण लावलं.

"बायकोला दाखवतो," गिरमिटच म्हणाला. "ती एकटीच म्हणत होती, सरळच असतील म्हणून." त्याने कागदाची घडी केली, शर्टाच्या खिशात घातली आणि निरोप न घेता बसच्या थांब्याकडे चालायला लागला.